आमचा वाकवलेला फण पॉझिट्रॉननं तपासला, यंत्राला पाचपैकी पाच अन् सेवेला अडीच

आधीच सांगून देतो, मी काही सायंटिस्ट नाही. दिग्रस-आर्णी पट्ट्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे, कल्टिव्हेटरचे फण, वखराच्या पासा, ट्रॉलीचे हूक, जे गिऱ्हाईक आणेल ते करतो, बाबांनी जन्मभर भट्टीवर काम केलं, मी आयटीआय करून हायड्रोलिक प्रेस टाकला. आता फणवाल्या माणसाला ही अणूबिणूची टेस्ट कायले लागली असं विचाराल तर त्याला कारण आहे.

मागच्या उन्हाळ्यात तीन जण मोडलेले फण घेऊन आले. तिन्ही एकाच जागी मोडलेले, वाकाच्या बाहेरच्या बाजूनं. एकाचा तर पहिल्याच पाळीत गेला, जमीन काळी पण मधात मुरूम, तिथं अटकला अन् कडकन मोडला. तो म्हणे, "भाऊ, लोखंड आणलं का बिस्कीट आणलं बे?" मी फण बदलून दिले, पैसे नाही घेतले, पण डोक्यात बसलं. बाबा खाटेवरून म्हणे, "प्रेसवर थंडं वाकवून राहिला न तू. लोखंड थंडं वाकवलं का त्याले अकड येते. ते काढा लागते." अकड काढायची म्हणजे परत भट्टीत टाकायचं, काळपट लाल होऊ द्यायचं अन् रात्रभर राखेत गाडून ठेवायचं. हे करायला वेळ लागते, कोळसा लागते, म्हणून मी ते बंद केलं होतं, खरं सांगायचं तर.

आमची पुतणी फिजिक्समध्ये एमएस्सी करते, शेवटचं वर्ष, तिला प्रोजेक्ट पाहिजेच होता. ती म्हणे, "काका, आबाजी म्हणतात ती अकड मोजता येते." मी म्हटलं, अकड मोजता येत असती तर अर्धं गाव आधी मोजलं असतं. पण ती सिरीयस होती. असं हे सुरू झालं.

आता टेस्ट काय आहे ते आपल्या भाषेत सांगतो, कारण टेस्ट करणाऱ्या लॅबच्या वेबसाइटवर जे लिहिलं आहे ते वाचून मला पहिल्या दिवशी झोपच आली.

फुलीवर लावलेली पऱ्हाटी डोळ्यासमोर आणा, आडवे-उभे दोन्हीकडून तास सरळ. लोखंडाचे अणू आतमध्ये असेच रांगेत असतात. आता एखाद्या जागी बी उगवलंच नाही तर आपण काय म्हणतो, नांगी पडली. अणूची नांगी म्हणजे व्हॅकन्सी. अन् शेत जर तिरपं असलं, एका बाजूनं रुंद अन् दुसऱ्या बाजूनं चिंचोळं, तर एखादं तास मधातच संपते, त्याच्या टोकाशी आजूबाजूची तासं थोडी वाकडी होऊन जागा भरून काढतात. लोखंडात असं मधातच संपलेलं तास म्हणजे डिसलोकेशन. आपण प्रेसवर पट्टी दाबतो तेव्हा ती वाकते ती ह्या डिसलोकेशन सरकतात म्हणून, अन् सरकता सरकता त्या वाढतात, एकमेकीत गुंततात, मग पुढं सरकायला जागा राहत नाही. बाबांची अकड ती हीच, पुतणीनं सांगितलं तेव्हा बाबा फक्त "हाव" म्हणाले, जसं काही त्यांना माहीतच होतं.

हे पाहायचं कसं? साध्या मायक्रोस्कोपमध्ये दिसत नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये डिसलोकेशन दिसतात पण एकटी नांगी सहज नाही दिसत. तिथं पॉझिट्रॉन कामाला येतो. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनच, फक्त चार्ज उलटा, प्लस. डिरॅक नावाच्या शास्त्रज्ञाच्या १९२८ च्या समीकरणातून त्याची चाहूल लागली होती, अँडरसन नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञानं १९३२ मध्ये क्लाउड चेंबरच्या, म्हणजे वाफेत कणांचा माग दाखवणाऱ्या डब्याच्या, फोटोत तो पकडला अन् १९३६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. ज्यांच्या घरी कोणाचं नागपूरला पेट स्कॅन झालं असेल त्यांनी हे नाव न ऐकता अनुभवलं आहे, पेटमधला पी म्हणजे हाच पॉझिट्रॉन. तिथं माणसाच्या आत सोडतात, इथं लोखंडाच्या.

लोखंडात गेला की तो काही पिकोसेकंदातच (एका सेकंदाचे लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे पिकोसेकंद) थंडा होतो अन् भटकत राहतो. अणूचा गाभा प्लस, हा पण प्लस, म्हणून गाभे त्याला ढकलतात. जिथं गाभाच नाही, म्हणजे नांगीत, तिथं त्याला कोणी ढकलत नाही, मग तो तिथंच बसतो. अन् तिथं इलेक्ट्रॉनही कमी असतात म्हणून जरा जास्त जगतो. शेवटी एक इलेक्ट्रॉन गाठतोच, दोघंही संपतात अन् ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे (हे किरणांची ताकद मोजायचं माप) दोन गॅमा किरण उलट्या दिशांना निघतात. किती वेळ जगला एवढं मोजलं की तो कुठं बसला होता ते समजते. चांगल्या लोखंडात साधारण ११० पिकोसेकंद, डिसलोकेशनला अडकला तर १५० ते १६५ च्या आसपास, एका अणूच्या नांगीत १७५ च्या जवळ, अन् पाच-दहा नांग्या मिळून खड्डा झाला असेल तर २०० च्या वर. ११० पिकोसेकंद म्हणजे किती तर तेवढ्यात उजेडसुद्धा सव्वातीन सेंटीमीटरच जातो, आपल्या अंगठ्याचं वरचं पेर.

मला ह्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे घड्याळ कधी सुरू करायचं ते. पॉझिट्रॉन सोडियम-२२ मधून येतो, अन् तो निघतो त्याच वेळी त्याच अणूतून १२७४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा एक गॅमा पण निघतो. तो झाला जन्माचा दाखला, ५११ वाला मृत्यूचा दाखला. दोन डिटेक्टर समोरासमोर, एक जन्माची नोंद करते, एक मरणाची, मधला वेळ म्हणजे आयुष्य. आपल्या ग्रामपंचायतीनं एवढ्या तत्परतेनं दाखले दिले असते तर काय पाहिजे होतं.

एक शंका मी पण काढली होती. डिटेक्टरचाच नेम साधारण २०० पिकोसेकंदाचा आहे म्हणे, मग त्यानं ११० अन् १५० यातला फरक कसा समजणार? पुतणी म्हणे एकट्या पॉझिट्रॉनचा नाहीच समजत, दहा लाख मोजायचे अन् त्याचा आलेख काढायचा, डिटेक्टरची चूक किती ते आधीच माहीत असते, ती वजा करून मग आकडा निघते. पटलं. एका तुरीच्या दाण्याचं वजन आपणही धान्याच्या काट्यावर नाही करत, हजार दाणे मोजून टाकतो अन् भागतो.

तर यंत्राबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आता सेवा.

देशात हे काम कलकत्त्याच्या साहा इन्स्टिट्यूटमध्ये, तमिळनाडूत कल्पाक्कमच्या अणुकेंद्रात, मुंबईला बीएआरसीत म्हणजे भाभा अणुकेंद्रात बऱ्याच वर्षांपासून चालते. आम्ही पाठवलं ते ह्यातलं कोणतंच नाही. एका विद्यापीठातली छोटी लॅब, बाहेरचे नमुने फी घेऊन मोजून देतो असं त्यांनी लिहिलं होतं. नाव सांगत नाही, तिथले पोरं चांगले आहेत, उगाच त्यांच्या डोक्याला ताप नको.

पहिली तक्रार, फॉर्मवर नमुन्याबद्दल फक्त एक ओळ होती. दहा बाय दहा मिलिमीटरचे दोन सारखे तुकडे, एक बाजू सपाट. दोन का तर सोडियमचा सोर्स मधात ठेवून सँडविच करतात, म्हणजे दोन्हीकडं जाणारे पॉझिट्रॉन आपल्याच लोखंडात जातात. ठीक आहे. मी काय केलं, अँगल ग्राइंडर घेतला, कटिंग व्हील लावलं, तुकडे पाडले, फ्लॅप डिस्क मारली, एमरी पेपर घासून आरशासारखे चमकवले. मला वाटलं लॅबवाले खुश होतील. सरळ पट्टीचे दोन तुकडे, थंड वाकवलेल्या फणाचे दोन, अन् बाबांनी भट्टीतून काढून राखेत ठेवलेल्या फणाचे दोन. पाठवले.

महिना-सव्वा महिन्यानं रिपोर्ट आला अन् तिन्हीचा आकडा जवळपास सारखाच, सगळे १५० च्या आगेमागे. म्हणजे सरळ पट्टी अन् वाकवलेली पट्टी यात फरकच नाही. बाबांच्या राखेचा तर काही उपयोगच नाही. मी मनातून थोडा खुशही झालो, खोटं कशाला बोलू, म्हटलं चला भट्टीचा ताप गेला. पण पुतणीचं तोंड उतरलं, तिनं त्यांना फोन लावला तेव्हा तिकडून पहिला प्रश्न आला, "सरफेस कशानं तयार केला?" ग्राइंडर सांगितल्यावर तिकडचा पोरगा दोन सेकंद बोललाच नाही.

झालं असं की सोडियम-२२ चे पॉझिट्रॉन लोखंडात लय खोल जात नाहीत. बहुतेक पहिल्या १०० मायक्रॉनमध्येच थांबतात, म्हणजे एका वहीच्या कागदाएवढ्या जाडीत. अन् माझ्या ग्राइंडरनं नेमका तेवढाच थर रगडून ठेवला होता. त्या थरात डिसलोकेशनचा नुसता बुजबुजाट, फण वाकवून जेवढ्या झाल्या त्याच्यापेक्षा जास्त. यंत्रानं फण मोजलाच नाही, माझी फ्लॅप डिस्क मोजली. अन् त्यानं बरोबर मोजली हो! चूक यंत्राची नाहीच. पण मला सांगा, एवढी साधी गोष्ट फॉर्मवर लिहायला काय झालं होतं? घासू नका, किंवा घासलं तर वरचा थर अ‍ॅसिडनं काढा. एका ओळीनं आमची फी अन् दीड महिना वाचला असता. वरून त्यांनी तुकडे पाहिले तेव्हा चमक दिसलीच असन न, विचारायचं तर होतं. पैसे परत मिळाले नाहीत, "मेजरमेंट झालेलं आहे" म्हणे. हे अर्धा स्टार मी इथंच कापलं.

दुसऱ्या वेळी नीट केलं. बारा मिलिमीटर जाडीची माइल्ड स्टीलची पट्टी, आतून ६० मिलिमीटर त्रिज्येत वाकवलेली. मधली रेष ६६ वर, बाहेरची पाठ ७२ वर, म्हणजे पाठ सहा भागिले सहासष्ट, नऊ टक्के ताणली गेली. हा हिशेब आयटीआयमध्ये शिकलो होतो, पहिल्यांदा कामी आला. पाठ गोल असते, गोल तुकड्यात सोर्स नीट बसत नाही, म्हणून पाठीच्या दोन मिलिमीटर खालून सपाट चिरून दोन चकत्या काढायच्या अन् चिरलेली तोंडं समोरासमोर ठेवायची असं ठरलं, तिथं ताण सहा टक्के येतो. हे काम ग्राइंडरचं नाही, वायरकटचं, म्हणजे बारीक तारेच्या विजेच्या ठिणगीनं लोखंड कापणाऱ्या मशीनचं. हिंगण्याच्या एमआयडीसीत जाऊन करून आणलं, एसटीनं सकाळी जाऊन रात्री परत, दोन नव्या फणाचे पैसे त्यातच गेले. वायरकटनंही वरचा पातळ थर वितळून बिघडतो, तो लॅबनं यावेळी अ‍ॅसिडमध्ये काढून दिला, त्याचा वेगळा चार्ज.

यावेळचा निकाल मात्र पाहण्यासारखा होता. सरळ पट्टी ११८ पिकोसेकंद सरासरी. थंड वाकवलेला फण १५२. अन् बाबांचा राखेतला, तोही आधी तेवढाच थंड वाकवलेला, ११३. सरळ पट्टीपेक्षाही कमी! मी तो कागद बाबांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा लावला, आकडे पाहिले, म्हणे, "हे मले माहीत होतं. पण लोहाराचं कोन ऐकते."

वाकवलेल्या फणाचा आकडा त्यांनी दोन भागात फोडून पण दिला. मोठा भाग डिसलोकेशनचा अन् एक छोटासा भाग २०० च्या वरचा, म्हणजे नांग्यांचे झुपके. एकटी नांगी का नाही दिसली ते पुतणीनं सांगितलं ते मला भारी वाटलं. लोखंडात एकटी नांगी शून्याच्याही बऱ्याच खालच्या तापमानाला फिरायला लागते, मग आपल्या वैशाखात ती एका जागी कशाला बसते. ती फिरत फिरत एक तर दुसऱ्या नांगीला भेटते अन् झुपका होतो, नाही तर एखाद्या डिसलोकेशनला जाऊन मिळते. म्हणजे मी प्रेस सोडून चहा प्यायला जाईपर्यंत आतमध्ये सगळी पळापळ होऊन गेलेली असते.

दुसरी तक्रार वेळेची. सोडियम-२२ चं अर्धआयुष्य २.६ वर्षं आहे, म्हणजे एवढ्या काळात सोर्स अर्ध्यावर येते. त्यांचा सोर्स जुना, त्यामुळं दहा लाख मोजायला एकेका नमुन्याला दिवसन् दिवस, मधात लाइट गेली तर परत पहिल्यापासून. हे त्यांनी फी घ्यायच्या आधी सांगायला पाहिजे होतं. नवीन सोर्स आणायला परवानग्या लागतात, रेडिएशनचं काम आहे, ते समजू शकतो. पण मग "आठ दिवसात रिपोर्ट" असं कायले लिहायचं.

तिसरी, डॉपलर ब्रॉडनिंग नावाची जोडटेस्ट असते, त्यात ५११ ची रेष किती पसरली ते पाहून पॉझिट्रॉननं कोणत्या इलेक्ट्रॉनला गाठलं त्याचा अंदाज येते. पॅकेजमध्ये होती. तिचा जर्मेनियम डिटेक्टर उणे १९६ डिग्रीच्या लिक्विड नायट्रोजननं थंडा ठेवावा लागते, अन् आमच्या वेळी नायट्रोजन संपला होता. परत कधी भरला माहीत नाही, आम्हाला ते आकडे आजपर्यंत आले नाहीत. आमच्याकडं वेल्डिंगचा सिलिंडर संपला अन् मी गिऱ्हाइकाला असं सांगितलं तर दुकानाला कुलूप लावायची वेळ येईल.

रिपोर्ट वाचायला मात्र सोपा नाही. दोन पानं, आकडे, प्लस-मायनस, खाली एक ओळ की सोर्स करेक्शन केलं आहे. ते करेक्शन म्हणजे काय तर सोडियम ज्या पातळ कॅप्टॉन नावाच्या प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेला असते त्या पन्नीतच काही पॉझिट्रॉन मरतात, साधारण ३८२ पिकोसेकंद जगून, ते वजा करावे लागतात. हे पुतणी नसती तर मला कोणी सांगितलं असतं? फोनवर मात्र ते पोरं नीट समजावून सांगतात, हे त्यांचं श्रेय.

आता मुख्य गोष्ट, फण का मोडला ते ह्या टेस्टनं सांगितलं का? नाही सांगितलं. तिनं एवढंच सांगितलं की थंड वाकवल्यानं आत नुकसान झालं अन् भट्टीनं ते निघून गेलं. मोडण्याचं कारण पुतणीच्या ओळखीच्या एका धातूशास्त्राच्या मास्तरांनी काढलं, तेही साध्या हार्डनेस टेस्टरवर अन् घरच्या भाषेत. म्हणे थंड वाकवलेलं माइल्ड स्टील काही महिने तसंच पडून राहिलं की कार्बन-नायट्रोजनचे बारके अणू त्या डिसलोकेशनभोवती जाऊन बसतात अन् तिला हलू देत नाहीत, याला स्ट्रेन एजिंग म्हणतात, मग लोखंड वाकायच्या ऐवजी मोडते. मी दिवाळीत माल करून ठेवतो अन् उन्हाळ्यात विकतो, मधातला पूर्ण वेळ पत्र्याच्या शेडखाली. जुळलं सगळं.

अन् त्यांनीच एक टाचणीही लावली. बाबांचा आकडा ११३ आला म्हणून लय नाचू नका म्हणे. असं थोडंसं ताणलेलं लोखंड जास्त वेळ तापवलं तर आतले दाणे, म्हणजे एकाच दिशेच्या तासांचे बारके तुकडे, मोठे होऊन जातात, अन् मोठ्या दाण्याचं लोखंड चिवट नसते. पॉझिट्रॉन मरायच्या आधी साधारण १०० नॅनोमीटर भटकते, दाणा त्याच्यापेक्षा शेकडोपट मोठा, त्याला दाण्याची कड बहुतेक वेळा भेटतच नाही. त्याच्या लेखी लोखंड एकदम स्वच्छ. दाणे पाहायला साधा मायक्रोस्कोपच पाहिजे. मग आम्ही बाबांचा तुकडा त्याखालीही ठेवला, दाणे ठीक होते, बाबा काळपट लालच्या पुढं कधी जाऊच देत नाहीत. चेरीसारखा लाल झाला की ओरडतात.

त्यामुळं माझं मत असं. तुम्ही वर्कशॉपवाले असाल अन् माल मोडून राहिला असेल तर आधी हार्डनेस करा, मायक्रोस्कोपखाली पाहा, ते नागपुरात होते अन् स्वस्तात होते. ही टेस्ट त्याच्या नंतरची आहे. पण भट्टीत टाकल्यानं आतलं नुकसान खरंच गेलं का, किती गेलं, चारशे डिग्रीला किती अन् सहाशेला किती, असा प्रश्न असेल तर ह्याच्यासारखं दुसरं मी पाहिलं नाही, दर दहा लाख अणूत एखादी नांगी असली तरी तो पॉझिट्रॉन तिला हुडकते. अन् एक ध्यानात ठेवा, लय जास्त वाकवलेलं लोखंड पाठवू नका, एका हद्दीनंतर सगळेच पॉझिट्रॉन कुठं ना कुठं अडकतात अन् आकडा पुढं सरकतच नाही, वीस टक्के ताण अन् चाळीस टक्के ताण सारखेच दिसतील. एमएस्सी, पीएचडीच्या पोरांनी नक्की करावं, फक्त फी भरायच्या आधी तीन गोष्टी फोनवर विचारा, सोर्स किती जुना, नायट्रोजन आहे का, अन् वरचा थर कोण काढणार.

तुकडे परत हवे असतील तर ते फॉर्मवरच टाका, आमचे पहिल्या खेपेचे सहाही तिकडंच राहिले. दुसऱ्या खेपेचे आले, पारदर्शक पुडीत, प्रत्येकावर मार्करनं नंबर. बाबांनी ३ नंबरचा उचलला अन् ऐरणीच्या लाकडात खोबणी होती तिथं ठोकून बसवला. आता प्रेसवरून वाकवलेला प्रत्येक फण मी संध्याकाळी त्यांच्या राखेत नेऊन गाडतो, कोळशाचा खर्च फणामागं लावला आहे, गिऱ्हाईक घासाघीस करते ते वेगळं.